वेळेआधीचं कुंपण

दलंदाने समुद्र राखणाऱ्या संस्थेचं काम सोडलं तेव्हा केर्कना बेटावरच्या निम्म्या लोकांना ते खरं वाटेना, आणि उरलेल्या निम्म्यांनी विचारलं, "भांडण कुणाशी झालं?" आता दलंदाचं भांडण झालं नाही असा दिवस गेल्या बावीस वर्षांत शोधूनच काढावा लागेल. बंदराच्या साहेबांशी, मासळीच्या दलालांशी, फेरीबोटीच्या तिकीटखिडकीशी, आणि एकदा पाहुण्यांसमोर माइक बंद पडला तेव्हा माइकशीसुद्धा. पण काम सुटलं ते भांडणापायी नाही. समोरच्या किनाऱ्यावरच्या स्फाक्स शहरात, एका हॉटेलात ती नेहमीसारखी बोलायला उभी राहिली होती. पिशवीवाल्या होड्या जड जाळी तळावरून फरफटत नेतात, गवत मुळासकट उपटतात, गवत गेलं की मासळीचं घर गेलं. बोलता बोलता तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला. शेजारच्या घरी कुणी रेडिओ चालू ठेवून बाहेर गेलं असावं, तसा. भाषण तिने पुरं केलं, टाळ्या घेतल्या, परतीच्या बोटीत रेलिंगला टेकून उभी राहिली आणि ठरवून टाकलं, बास.

खरं सांगायचं तर ती थकली नव्हती, चिडली होती. कामाला लागली तेव्हा पिशवीवाल्या होड्या बोटांवर मोजता येत. इतकी वर्षं घसा कोरडा केला आणि होड्या वाढतच गेल्या. ज्यांच्यासाठी घसा कोरडा केला त्यांचीच पोरं त्या होड्यांवर चढली. याला काय म्हणायचं?

निरोपाला केक होता, केकवर हिरव्या साखरेचं कासव. तिच्या जागी आलेली सिरीन, नुकती शिकून आलेली हुशार मुलगी, डोळे पुसत होती. दलंदाने तिच्या हातात किल्ल्या दिल्या आणि म्हणाली, "मोरीतला नळ डावीकडे जोर लावून बंद करायचा. बंदरावर फोन सकाळीच करायचा, जेवणानंतर तिथं कुणी उचलत नाही. आणि लोक शिव्या देतील, त्या लिहून घेत बसू नकोस." एवढंच तिचं निरोपाचं भाषण. कासवाचं डोकं कुणी खाईना, ते तिनेच खाल्लं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती उठून बसली आणि चपला घालून दारापर्यंत गेलीसुद्धा. मग आठवलं. परत आली. अंगण झाडलं. चहा केला, तो गार झाला. पुन्हा अंगण झाडलं. आयुष्यभर पायाला भिंगरी असलेल्या बाईला घरात बसायचं कसं ते माहीत नव्हतं. लग्न तिने केलं नाही, म्हणजे कुणी विचारलं तेव्हा ती मोर्च्यात होती आणि मोर्चा संपला तेव्हा विचारणारा दुसऱ्याच्या मांडवात होता. स्वयंपाक जेमतेम. जवाची पेज करायला घेतली तर तळाला लागली. कालवं साफ करायला बसली तर हात चालेना, कान मात्र समुद्राकडे. इंजिनाचा आवाज ऐकून होडी कसली, ते ती भिंतीआडून सांगू शकायची. आता सांगायचं कुणाला? हा तिचा जीव खाणारा प्रश्न होता.

फोन मात्र थांबला नव्हता.

"लल्ला दलंदा, बुरुजापाशी पिशवीवाले आलेत," हम्मादीचा आवाज यायचा; लल्ला म्हणजे बाईसाहेब. हा उत्तरेकडचा म्हातारा कोळी, तक्रार केल्याशिवाय त्याला चहा पचत नसे.

"मी काम सोडलंय, हम्मादी. सिरीनला फोन कर."

"केला ना. ती पोरगी विचारते अक्षांश किती, रेखांश किती. मी म्हटलं, बाई, मी होडीत उभा आहे, शाळेत नाही. तुम्ही नुसतं विचारायचात, बुरूज कुठल्या खांद्यावर आहे."

"मग तिला तसंच सांग."

"सांगतो. पण लल्ला, एक बोलू? तुम्ही काम सोडल्यापासून मासे तुमच्या परवानगीशिवाय पोहायला लागलेत."

ती फोन ठेवायची, आणि ठेवल्यावर पहिला विचार हा की बुरूज त्याच्या कुठल्या खांद्यावर होता.

भिंतीपलीकडे तिचा धाकटा भाऊ राहायचा, तिजानी. बापाच्या घराचे दोन भाग झाले तेव्हा मधे भिंत आली, पण भिंतीत दार ठेवलं होतं, निळं. आठ वर्षांपूर्वी त्या दाराला तिजानीने आपल्या बाजूने कडी घातली आणि ती काढली नाही. कारण साधं होतं. एका सकाळी हम्मादीचाच फोन आला होता, पिशवीवाली होडी, कडेला हिरवा पट्टा. बेटावर हिरवा पट्टा एकाच होडीला होता. दलंदाने फोन हातात धरला, खिडकीबाहेर पाहिलं, आणि बंदरावर कळवलं. तिजानीची होडी वर्षभर साखळीने बांधून राहिली. तो अंगणात आला, आवाज न चढवता म्हणाला, "मधे दार होतं, दलंदा." ती म्हणाली, "कायदा सगळ्यांना सारखा." वाक्य बरोबर होतं. पण तेव्हापासून ते तिच्या घशात काट्यासारखं अडकून बसलं होतं, आणि हे तिने कुठल्याच भाषणात कुणाला सांगितलं नाही.

तेव्हापासून तो तिच्याशी बोलत नसे. समोरासमोर आलाच तर बायकोला सांगे, बायको नसेल तर गाढवाला.

बायकोचं नाव मबरूका. ती मात्र भिंतीवरून बोलायची, आणि भिंत तिच्या हनुवटीपर्यंतच होती.

"घे," एका दुपारी तिने भिंतीवरून कुसकुसची थाळी सरकवली, वर कालवं. "आणि ऐक. ह्याने पिशवी विकली. जाळं, साखळ्या, सगळं. डिझेल परवडत नाही म्हणतो. या वर्षी बापाचं कुंपण रोवणार."

बापाचं कुंपण म्हणजे समुद्रातला त्यांचा तुकडा, बुरुजासमोरचा. उथळ पाण्यात खजुराच्या फांद्या ओळीने रोवायच्या, ओहोटीबरोबर मासळी कुंपणाच्या कडेकडेने सरकत जाते आणि शेवटी टोपल्यांत शिरते. बाप गेल्यापासून तिथं एक फांदी उभी राहिली नव्हती. दोन्ही मुलं समुद्रावरच होती, एक त्याला ओरबाडत आणि एक त्याच्यावर बोलत, पण कुंपण कुणीच रोवलं नाही.

"मला काय सांगतेस? रोवू दे."

"तुझ्याशिवाय रोवता येतं का?" मबरूका म्हणाली. "रीत विसरलीस?"

रीत ती विसरली नव्हती. त्यांच्या घराण्यात ज्याचा ज्याचा तुकड्यात वाटा, त्या प्रत्येकाने पहिली फांदी हाताने धरायची, आणि मगच ती वाळूत जाते. उपटायची वेळ येते तेव्हाही तसंच, ती पहिली फांदी सगळ्यांनी मिळून उपटायची. एकदा काका रुसून स्फाक्सला जाऊन बसला तेव्हा वर्षभर कुंपण झालं नाही आणि घरात पेजेवर दिवस काढले, पण आजोबांनी रीत मोडली नाही.

पलीकडून तिजानीचा आवाज आला. तो गाढवाला पाणी पाजत होता. "सांग तिला, गुरुवारी. आणि सांग, फोन घरी ठेवायचा."

दलंदा भिंतीपाशी उभी राहिली. तिला आनंद झाला आणि त्याच श्वासात डोक्यात हिशेब झाला. गुरुवार? उन्हाळाभर कुंपणं काढून ठेवायची, पिल्लं मोठी होऊ द्यायची, आणि दिवस-रात्र सारखी झाली की पुन्हा रोवायचं. त्याला अजून दोन आठवडे होते. हीच गोष्ट तिने बेटावरच्या प्रत्येक गावात, प्रत्येक शाळेत, प्रत्येक चहाच्या टपरीवर सांगितली होती.

"अजून मासळीची सुट्टी आहे," ती मबरूकाला हळूच म्हणाली.

"सांग तिला," तिजानीने पलीकडून गाढवालाच उत्तर दिलं, "नुसतं कुंपण रोवायचं. टोपल्या वेळ झाल्यावर. नुसत्या फांद्यांनी कुणाची पिल्लं मरत नाहीत. आणि सांग, तिला यायचं नसेल तर तसं सांगावं. आठ वर्षं थांबलोय, अजून थांबेन."

दलंदा थाळी घेऊन घरात आली. काम तर सोडलंच आहे, तिने मनाला सांगितलं. फांद्या काय, फांद्याच. भावाने आठ वर्षांत पहिल्यांदा बोलावलं आणि आपण पंचांग काढून बसायचं? तीन दिवस ती स्वतःशी हेच बोलत होती, आणि जी गोष्ट माणूस इतक्या वेळा स्वतःला समजावतो ती त्याला पटलेली नसते, एवढं कळण्याइतकी ती शहाणी होती. तरी गेली.

गुरुवारी गाडीवर फांद्यांचे भारे रचून तिघं किनाऱ्यावर पोचली. समुद्र सपाट, पाणी गुडघ्याएवढं, चालत जावं तितकं गुडघ्याएवढंच. तिजानी आणि मबरूका पाण्यातले जुने बूट घालून उतरले. दलंदा अनवाणी. समुद्राच्या नावाने इतकी वर्षं पगार घेतलेली बाई समुद्रात उतरताना बूट विसरली होती. वीस पावलांवर शिंपला तळव्यात घुसला.

"बघ रे," तिजानी किनाऱ्यावरच्या गाढवाकडे तोंड करून ओरडला, "तुलासुद्धा नाल आहेत!"

मबरूका हसली, दलंदाही हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. पाय कापला म्हणून नाही. तो तिला चिडवत होता. चिडवणं लहानपणी जिथं थांबलं होतं तिथूनच सुरू झालं होतं.

पहिली फांदी तिघांनी धरली. मबरूकाचा वाटा नव्हता, पण तिजानी म्हणाला, "हिचा हात नसता तर कुणाचाच नसता." दलंदाचा हात भावाच्या हाताखाली होता. फांदी वाळूत गेली. दिवसभर ती रोवत राहिली, पाठ मोडली, ओठ मिठाने फाटले, आणि बऱ्याच काळाने तिला एकदाही आपला आवाज ऐकू आला नाही.

संध्याकाळी निळ्या दाराची कडी निघाली. ती काढताना तिजानी गंजलेल्या कडीला शिव्या देत होता, दुसरं काही बोलला नाही. दार तेव्हापासून उघडंच राहिलं. दलंदा पलीकडे जेवायला जाऊ लागली. तिजानी अजून तिच्याशी थेट बोलत नव्हता, पण "हरिसाची चटणी तिच्याकडे सरकव" असं बायकोला सांगायचा, आणि चटणी तिच्या हाताशीच असायची. घराला पुन्हा घरपण आलं होतं. मग तिला चैन का पडत नव्हती? जेवताना ती उठायची, अंगणात जायची, परत यायची. तिजानी पहाटेच गाडी घेऊन किनाऱ्यावर जायचा, "फांद्या हलल्यात का बघून येतो" म्हणायचा. एके दिवशी मबरूकाने ताटात तळलेली छोटी मासळी वाढली. बोटाएवढी.

"ही कुठली?"

"बाजारातली," मबरूका म्हणाली, आणि पाव आणायला उठली. पाव ताटातच होता.

दलंदाने मासळी खाल्ली. घशाखाली उतरवली. हे लिहायला नको वाटतं, पण तिने खाल्ली, खोटं कशाला सांगू.

पुढच्या दिवशी दुपारच्या आधी ती कालवं फोडत बसली होती आणि फोन वाजला. हम्मादी.

"लल्ला, एक तक्रार आहे."

"सिरीनला कर."

"केली. ती म्हणाली, नाव सांगा. मला नाव ठाऊक नाही बघा." त्याच्या श्वासात शिट्टी वाजत होती. "बुरुजासमोर कुणीतरी सुट्टीतच कुंपण रोवलंय. टोपल्यासुद्धा लावल्यात. सकाळी बाजूने गेलो तर आत नुसती पिल्लं, एकमेकांवर. एवढीशी. मी म्हटलं, पिशवीवाला बरा, तो निदान चोरासारखा येतो. हा तर शेजारी."

केर्कनात कुणाचा तुकडा कुठला, हे शेंबड्या पोरालाही पाठ असतं. आणि हम्मादीने तर तिच्या बापाबरोबर होडी वल्हवली होती. नाव ठाऊक नाही म्हणे.

"मी सिरीनला म्हटलंय," हम्मादी सावकाश म्हणाला, "म्हातारा माणूस आहे, आठवायला वेळ लागतो. उद्या सकाळी सांगतो. तोवर आठवेल, किंवा आठवायची गरज उरणार नाही. काय, लल्ला?"

"कळलं," ती म्हणाली.

"तुमच्या वडिलांनी सुट्टीत पाण्यात काडी टाकली नसती," असं म्हणून त्याने फोन ठेवला. हा हम्मादी असाच. पोटात प्रेम आणि जिभेवर चाकू.

दलंदा उठली, बसली, उठली. हात धुतले, पुन्हा कालवाच्या पाण्यात घातले. तिच्या अंगठ्याला सिरीनचा नंबर तोंडपाठ होता. एक फोन. "लिहून घे, वाटेकरी दोघं, तिजानी आणि दलंदा." स्वतःचं नाव आधी घालावं हवं तर. किती स्वच्छ काम! संस्थेची मान ताठ राहिली असती, हम्मादीची तक्रार मिटली असती, आणि कायदा सगळ्यांना सारखा राहिला असता. पलीकडच्या अंगणातून मबरूकाच्या हसण्याचा आवाज आला, मग तिजानीचं खोकणं. दार अर्धं उघडं होतं. दारापलीकडे आठ वर्षांनी मिळालेलं ताट होतं, आणि आत्ता आपण तोंड उघडलं तर ते दार पुन्हा या जन्मी उघडणार नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं. तिला भीती वाटली. पोलिसांसमोर, दलालांसमोर कधी वाटली नव्हती इतकी. काहीच बोललो नाही तर? दोन आठवडे तर होते. त्यातला एक गेलासुद्धा. एवढ्याशा गोष्टीसाठी?

मग तिला त्या टोपल्या दिसल्या. एकमेकांवर, एवढीशी.

तिने फोन चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवला आणि दारापाशी गेली. दार उघडंच होतं, तरी तिने वाजवलं. जोरात, मुठीने.

तिजानी ओट्यावर बसून टोपलीचं तुटलेलं तोंड विणत होता. टोपली तिला पाहून लपवावी असं त्याच्या मनात आलं असावं, पण टोपली मोठी होती.

"कुंपण काढायचंय," दलंदा म्हणाली. "टोपल्यांत पिल्लं आहेत."

तिजानी विणतच राहिला. "मबरूका, विचार तिला, ही कोण बोलतेय? संस्था?"

मबरूका दोघांकडे पाहत राहिली आणि पहिल्यांदाच निरोप पोचवला नाही.

"संस्था असती तर तिने फोन केला असता," दलंदा म्हणाली. "मी दाराने आलेय."

मग तिजानी फुटला. बायकोकडे बघत, पण सगळं बहिणीला. "सांग तिला, फांद्या तोडायला आठवडा गेला! सांग, पाठ गेली! जाळं विकलं, पिशवी विकली, आता हेही काढ म्हणते! सांग, सगळा समुद्र पिशवीवाले खाऊन गेले आणि हिला माझ्या चार टोपल्या दिसल्या! सांग तिला, काम सोडलंय ना?"

"पगार सोडलाय," दलंदा म्हणाली. "आणि फांदीवर माझाही हात होता. तुझ्या एकट्याच्या टोपल्या नाहीत त्या. काल ताटातली मासळी मीही खाल्ली. तेव्हाच बोलायला हवं होतं. गुरुवारीच बोलायला हवं होतं. मला तुझ्याकडे जेवायचं होतं, म्हणून गप्प बसले."

तिजानीचे हात थांबले.

"आणि तेव्हा?" तो टोपलीला म्हणाला. आवाज एकदम खाली आला होता. "तेव्हा का नाही वाजवलंस?"

दलंदाला बावीस वर्षांची सगळी वाक्यं आठवली, आणि त्यातलं एकही उपयोगाचं नव्हतं.

"तेव्हा फोन हातात होता," ती म्हणाली. "दार लांब वाटलं. चुकलं माझं, तिजानी. होडी धरली ते नाही चुकलं. तुला आधी सांगितलं नाही, ते चुकलं."

तो उठला आणि आत निघून गेला. मबरूकाने पदराने नाक पुसलं आणि उगाच अंगणातल्या कोंबडीला हुसकावलं. आतून आपटाआपटीचा आवाज आला, काहीतरी पडलं, शिवी ऐकू आली. दलंदा दारातच उभी होती, आत जावं की मागे फिरावं ते तिला कळेना, पाय दोन्हीकडे ओढत होते.

तिजानी बाहेर आला. हातात बुटांचे दोन जोड होते, एक त्याचा आणि एक बापाचा, रबर वाळून करडं पडलेलं. बापाचा जोड त्याने तिच्या पायाशी टाकला.

"घाल," तो म्हणाला. मबरूकाला नव्हे, गाढवाला नव्हे. "पुन्हा पाय कापून घेशील, आणि मग मला एकट्याला उपटायला लावशील."

बूट तिला मोठे होत होते. भिंतीपलीकडे तिच्या कोनाड्यात फोन वाजू लागला होता; तिने नाड्या आवळल्या आणि तिजानीच्या मागोमाग निघाली.